मूर्तिकारांचें मंडळ

धंदेवाईकांच्या मंडळास सभासद मिळविणें सोपें, टिकविणें अवघड. पेणनजीक हमरापूर, जोहे या गांवीं गणपतीचे कारखाने घरोघर आहेत. २०२० सालीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें प्लॅस्टरच्या मूर्तींस मनाई केली, तेव्हां मूर्तिकार एकत्र आले. संकटांत कोण येत नाहीं? पुढें जून २०२५ मध्यें उच्च न्यायालयानें त्या घडविण्यास मोकळीक दिली (नैसर्गिक जलाशयांत विसर्जनास मात्र नव्हे). आतां सभेंतील सतरंजी रिकामी राहील, अशी धास्ती मज रोहेकरास वाटते.

वर्गणीची पावती माणसास बांधून ठेवीत नाहीं. शाडू सावकाश वाळतो, मूर्ति जड होते, वाटेंत तडकते. पावसाळ्यांत तर हाल पुसूं नयेत! यावर मंडळानें मिळून प्रयोग करावे, माती एकदम आणावी, म्हणजे सभासद आपण होऊन येतील.

आणि कोणास सभासद म्हणावयाचें? मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या कित्येक हातांत बांगड्या असतात. आमच्या परिचयाच्या एका घरांतील सूनबाई गेलीं बारा वर्षें आखणी करतात. नांव मात्र कारखानदार सासऱ्यांचें. सभेचें बोलावणें येतें का, असें मीं त्यांस विचारलें. हातांतली कुंचली न थांबवितां त्या म्हणाल्या, "येतें कीं, चहा करायला!"