कांद्याचा पापुद्रा

वकिलीने माणसाला एक खोड लागते: दुसऱ्याच्या डोळ्यांवर अविश्वास ठेवण्याची. ‘हे तुम्ही स्वतः पाहिलेत काय?’ हा प्रश्न मी वीस वर्षे साक्षीदारांना विचारीत आलो आहे. परवा तो माझ्यावरच उलटला.

दुपार टळायच्या आत माझा फोन कोर्टात मान टाकतो, म्हणून माझ्या मुलीने पुण्याहून एक पॉवर बँक पाठविली. १०,००० मिलीअँपिअर-तासांची, तळहातात मावणारी. तिच्या पाठीवर सूक्ष्मदर्शकातून दिसणारे एक चित्र छापलेले आहे. सहा महिने ती माझ्या काळ्या कोटाच्या खिशात आहे. ते चित्र आपण पाहिले आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

उज्जैन हे तसे दूरचे पाहणाऱ्यांचे गाव. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात येथे वेधशाळा उभारली. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला. याच गावात माझे वडील शाळेत विज्ञान शिकवीत. पण त्यांना वेड जवळचे पाहण्याचे. आता काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ हिरावून नेली आहे.

त्या संध्याकाळी ती वस्तू चाचपीत त्यांनी विचारले, “यावर काय काढले आहे रे?”

“काही नाही, नाना. जाळी आहे. पेशी असाव्यात.”

“कशाच्या? खणांत ठिपके आहेत का?”

मला उत्तर देता येईना.

“१६६५ मध्ये रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात पाहिले ते खण रिकामे होते, बूच मेलेलेच असते. कांद्याचा पापुद्रा आयोडिनने रंगविला, की पेशीत केंद्रकाचा ठिपका दिसतो. नीट पाहून सांग.”

मी ती दिव्याखाली धरली. विटांसारखे लांबट खण, आणि बहुतेकांत एकेक ठिपका.

“आहेत, नाना.”

“मग कांदाच!” त्यांचा चेहरा उजळला.

लहानपणी नानांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी उभे करून हेच दाखविले होते. बाहेर मुले खेळत होती. ‘दिसले’ म्हणून मी पळालो होतो. ती साक्ष खोटी होती. पस्तीस वर्षांनी मी ती दुरुस्त केली, पण माझ्याबरोबर पाहायला आता नानांचे डोळे उरले नव्हते.