उरलेल्या दिवसांचे पाचारण

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी आम्ही घरोघर जातो. पक्षाघाताने खाटेला खिळलेल्या एका आजींनी एकदा आम्हांला विचारले, "फादर, हातपाय गेले. आता देवाने मला कशासाठी ठेवले आहे?" देवाची योजना अगम्य आहे, असे सेमिनरीत शिकलेले उत्तर आम्ही दिले. आजी गप्प राहिल्या. परतताना जाणवले, की ते उत्तर केवळ ओठांतले होते. पाचारणावर वर्षानुवर्षे प्रवचने देणाऱ्या आम्हांलाही, सभा, हिशेब आणि बांधकामे यांच्या धबडग्यात, तोच प्रश्न कित्येक रात्री टोचत असे.

त्या रात्री बालयेशूची संत तेरेजा आठवली. १८८८ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, तिने फ्रान्समधील लिझ्यू येथील कार्मेल मठात प्रवेश केला. मिशनरी, धर्मगुरू, रक्तसाक्षी असे सारेच व्हावे ही तिची तळमळ. वाट्याला आल्या मठाच्या चार भिंती. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या आणि तेराव्या अध्यायांत तिला वाट सापडली. अवयव अनेक, पण सर्वांना चेतना देते ती प्रीती; प्रीती करणे हेच आपले पाचारण, हे तिने ओळखले. १८९७ साली, चोविसाव्या वर्षी, ती क्षयाने निवर्तली. १९२७ साली संत फ्रान्सिस झेवियरच्या जोडीने तिला मिशनकार्याची आश्रयदाती घोषित करण्यात आले. सातासमुद्रांपलीकडून १५४२ साली गोव्यात उतरलेला तो, आणि प्रवेशानंतर मठाचा उंबरठाही न ओलांडलेली ती!

पुढच्या महिन्यात आम्ही आजींकडे विनंती घेऊन गेलो. "आजी, आमची प्रार्थना आटली आहे. आमच्यासाठी रोज एक जपमाळ कराल?"

त्या बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "करीन, फादर. आणखी कोणाची गरज असेल, तर तीही सांगत जा."

तेव्हापासून आम्ही त्यांच्याकडे गरजा नेऊ लागलो : अवघडलेली लेक, परीक्षेला बसलेला मुलगा, आखातात गेलेला बाप. जूनमध्ये आजी देवाघरी गेल्या. तोवर तो प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. आमची प्रार्थना एका दिवसात भिजली नाही. पण कोणीतरी आपल्यासाठी जागे आहे, या जाणिवेने पहाटेच्या मिस्साला उभे राहणे सोपे झाले.

वाचकहो, आपल्याही घरी कोणी खाटेवर असेल. त्यांना काय हवे, हे आपण रोज विचारतोच. एकदा त्यांच्याकडे काहीतरी मागून पाहावे.