विरजण

स्वच्छतेच्या भरात माणूस काय करून बसेल, याचा नेम नाही. गेल्या दिवाळीच्या तोंडावर मीही असाच एक पराक्रम केला. गृहसंस्थेचा चिटणीस या नात्याने सांडपाण्याच्या प्लांटवर पाहणीला गेलो, तो टाकीत चॉकलेटी, गढूळ पाणी बुडबुडत होते. "हा सगळा गाळ उपसा, आणि टाकी ब्लीचिंग पावडरीने धुऊन काढा!" मी फर्मावले. ऑपरेटर "अहो साहेब, पण—" म्हणाला. परंतु ऐकून घेण्याची चिटणिसांत पद्धत नाही.

टाकी लखलखली. चार दिवसांत बाहेर पडणाऱ्या पाण्याला मात्र दुर्गंधी सुटली. हे पाणी बागेला जाते, आणि तिथल्या हिरवळीवर साऱ्यांची नातवंडे लोळतात. माझीही! घाईघाईने बागेचे पाणी तोडले, आणि मग ऑपरेटरचे ऐकायला बसलो.

"साहेब, तो गाळ नव्हता, कामकरी होते," तो म्हणाला. त्या गाळात कोट्यवधी जीवाणू असतात. हवा मिळाली की ते पाण्यातली घाण खातात. त्यांच्या गुठळ्यांत रोगजंतू अडकतात, आणि मोकळे पोहणारे जंतू तिथलेच सूक्ष्म प्राणी गिळतात. उरल्यासुरल्यांचा समाचार शेवटी क्लोरीन घेते. पण आधीचे काम झाले नाही, तर क्लोरीनही घाणीतच खर्ची पडते.

घरी येऊन पुस्तके चाळली. आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी १९१४ साली मँचेस्टरमध्ये ही युक्ती जाहीर केली. सांडपाण्यात नुसती हवा सोडून ते शुद्ध व्हायला प्रथम सुमारे ५ आठवडे लागले. मग त्यांनी वरचे पाणी ओतले, तळचा गाळ राखला आणि त्यावर नवे सांडपाणी घातले. असे करता करता तेच काम एका दिवसात होऊ लागले!

मी हे मोठ्या कौतुकाने पत्नीला सांगितले. ती दुधाला विरजण लावत होती.

"यात नवल ते काय? भांडे घासायच्या नादात विरजण कुणी फेकते का?"

"आणि फेकले तर?"

"शेजारून मागून आणायचे."

शेजारच्या संस्थेचे चिटणीस आणि मी पार्किंगवरून दोन वर्षे बोलत नव्हतो. तरी गेलो. ते पोट धरून हसले, आणि टँकरभर गाळ दिला.

तुळशीच्या लग्नापर्यंत पाणी निवळले. लाडू घेऊन प्लांटवर गेलो, तेव्हा ऑपरेटरने टाकीतले पाणी काचेच्या बरणीत भरून ठेवले होते. अर्ध्या तासात गाळ खाली बसला, वर नितळ पाणी उरले. बरणी उजेडात धरून तो म्हणाला, "मंडळी खुशाल आहेत, साहेब."