मागली बाकी

विवाहेच्छु तरुण-तरुणींच्या भेटी हल्लीं बहुधा उपाहारगृहांत होतात. पोह्यांची जागा कॉफीनें घेतली आहे आणि पहिला परिचय मोबाइलच्या पडद्यावरच उरकलेला असतो. तेथें आतां वडीलधाऱ्यांची गर्दी नसते, हें ठीकच झालें. पण दुसरीच एक गर्दी असते.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला सात ठिकाणांहून नकार आला. "सर, मुलींना फक्त पगार दिसतो," असा त्याचा सिद्धांत. चारच दिवसांनीं आमच्या भाचीनें तितक्याच निश्चयानें सांगितलें, "मामा, मुलग्यांना नोकरी करणारी बायको हवी असते, पण घरीं आल्यावर चहा तिनेंच करायचा!" दोघांचीहि तक्रार खोटी नव्हती. परंतु आमच्या विद्यार्थ्यानें आठव्या मुलीला बसतांक्षणींच पगारावरून टोमणा मारला. तिनें तो विषय काढलाहि नव्हता. सात जणींची बाकी तिच्या खात्यावर पडली. सावकारालाहि एवढी मोकळीक नाहीं. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें उसन्या पैशाची फिर्याद तीन वर्षांच्या आंत करावी लागते, आणि ती ऋणकोवर. वाटेनें जाणाऱ्यावर नव्हे.

हा आकस सुटत नाहीं, कारण तो सोयीचा असतो. 'मुली अशाच' म्हटलें कीं 'मीच कां नको?' हा जीवघेणा प्रश्न स्वतःला विचारावा लागत नाहीं. नकाराचा घाव झांकायला एवढें मोठें पांघरूण दुसरें कोठें मिळणार?

झालें गेलें विसरा, असा उपदेश मात्र आमच्यानें करवत नाहीं. ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं पुण्यांत 'स्त्री-पुरुष-तुलना' छापविली ती संतापानेंच. सुरतेच्या एका तरुण विधवेच्या खटल्यावरून साऱ्या स्त्रीजातीला नांवें ठेवणाऱ्यांना तें उत्तर होतें. एकीचा अपराध सगळ्यांच्या माथीं कां, हाच तर त्यांचा प्रश्न. उत्तर देतांना त्यांनीं पुरुषजातीला सरसकट झोडपलें, हें खरें. पण तें समाजाच्या चव्हाट्यावर, दोन घटका भेटीस आलेल्या एकाद्या अनोळखी माणसाच्या तोंडावर नव्हे.

भाचीला आम्ही एवढेंच म्हटलें कीं, पुढच्या गृहस्थाला मनांतल्या मनांत नापास करण्याआधीं सरळ विचारून तर पहा. तिनें विचारलें. तो म्हणाला, "चहा मीच करतों, पण दूध हटकून उतूं जातें." लग्न कांहीं जमलें नाहीं, त्याला गांवीं परत जाऊन शेती पहावयाची होती, हिला पुणें सोडवेना. घरीं येऊन ती बराच वेळ त्याच्याविषयीं बोलत होती, आणि एकदांहि 'हे मुलगे' असें न म्हणतां त्याचें नांव घेत होती.