महिन्याची कमाई किती?

अंकासाठी काहीतरी लिही, असे सरांनी सांगितले तेव्हा प्रवासवर्णन लिहावे असे मनात आले. पण माझा आजवरचा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे आमच्या गावापासून मंडलाच्या कचेरीपर्यंतचा. अंतर अवघे चौदा किलोमीटर. तो मी आणि मायने सात वेळा केला. तेव्हा त्याविषयीच लिहिते.

आमचे गाव आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या काठी. नदीपलीकडे महाराष्ट्र. इथल्या माझ्या मैत्रिणींना घरात मराठी आणि कचेरीत कानडी याची सवय आहे. आमच्याकडे घरात मराठी आणि कचेरीत तेलुगू. मामाकडे शिकायला आले तेव्हा म्हणूनच मला इथे फारसे परके वाटले नाही.

मी चौथीत असताना वडील कामासाठी म्हणून गेले. केव्हा येणार, असे विचारले की माय म्हणे, "येतील." पुढच्याच वर्षी तेलंगण राज्य झाले आणि १९ ऑगस्ट २०१४ रोजी राज्यभर एकाच दिवसात घरोघरची पाहणी झाली. त्या दिवशी सगळ्यांना सुटी होती. परगावी गेलेली माणसे बसगाड्या भरभरून गावी आली होती. वडीलही येतील म्हणून मी सकाळपासून दारात बसले होते. दुपारी मास्तर कागद घेऊन आले. घरातली कर्ती व्यक्ती कोण, असे त्यांनी विचारले. मायने वडिलांचे नाव सांगितले. "कुठे आहेत?" "कामाले गेले." मास्तरांनी लिहून घेतले.

त्या एका ओळीने पुढे आमचा फार छळ केला.

२०१७ साली सरकारने एकट्या स्त्रियांसाठी महिना एक हजार रुपयांची पेन्शन सुरू केली. वृद्धांना आणि विधवांना ती 'आसरा' या नावाने आधीपासून मिळतच होती. नाव ऐकून माय हसली. आमच्याकडे आसरा म्हणजे डोहातल्या सात जणी, साती आसरा. "त्या तं नैवद्य मांगतात," ती म्हणाली, "पैसे कधीपासून देऊ लागल्या?"

पहिल्या खेपेला कारकुनाने अर्ज पुढे ओढून विचारले, "अम्मा, महिन्याची कमाई किती?"

माय गप्प. तो पुन्हा म्हणाला, "एक आकडा सांगा."

"साहेब, पाऊस किती पडन ते तुमी सांगा, मंग मी कमाई सांगतो."

तो हसला. त्याला ती थट्टा वाटली. पण वाचकहो, ती थट्टा नव्हती. मृगात सरकीची टोबणी, मग निंदण. हे रोजाने, पण तेही पावसाने उघडीप दिली तरच. दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटला की वेचणी, आणि ती किलोवर. पहिल्या वेचणीला बोंडे भरलेली असतात. माय दिवसाला चाळीस-पन्नास किलो वेचायची. शेवटच्या वेचणीला तेवढ्याच वेळात त्याच्या निम्माही कापूस निघत नसे. पहाटे दव असले तर ऊन चढेपर्यंत बांधावर बसून राहायचे. त्या बसण्याचे पैसे कोण देणार? अवकाळी पाऊस आला की आठवडाच गेला. उन्हाळ्यात रोजगार हमीची माती. तिथे वर्षाला घरामागे शंभर दिवसांची हमी कायद्याने होती, पण मजुरी खड्ड्याच्या मापावर. या सगळ्याचा महिन्याचा आकडा काढायला आमच्या गणिताच्या सरांनासुद्धा जड गेले असते.

खेड्यात वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती. आम्ही तिच्या जवळपासही नव्हतो, पण रकाना मोकळा सोडता येत नव्हता. शेवटी कारकुनानेच 'तीन हजार' असे लिहिले. बसमध्ये माय म्हणाली, "चैतात एवढे भेटले तं त्याले पेढे देईन."

दुसऱ्या खेपेला यादी निघाली. यादीत नवऱ्याचे नाव आहे, मग ही एकटी कशी? तेलुगूत अशा बाईला 'ओंटरि महिळा' म्हणतात. ओंटरि म्हणजे एकटी. मायने माझ्याकडे बोट दाखवले, "मी एकटी कायले? हे पोरगी नाही दिसत का?" कारकून खालच्या आवाजात म्हणाला, "अम्मा, असं बोललीस तर पैसे मिळणार नाहीत." माणूस वाईट नव्हता.

मग खेपाच खेपा. जातो त्या दिवसाची मजुरी बुडे, वर दोघींचे बसभाडे. २०२३ च्या डिसेंबरपासून तेलंगणात बायकांना बस फुकट झाली. आम्हाला ती सहा वर्षे उशिरा मिळाली. एक खेप तर नेमकी पहिल्या वेचणीच्या दिवशी पडली. माय वाटेवरच्या पांढऱ्या शेतांकडे बघत होती आणि एक शब्द बोलत नव्हती.

अखेर गावात चौकशी आली. नवऱ्याला सोडून गेल्याला वर्षाहून अधिक काळ झाला असला पाहिजे, असा नियम होता. पारावर चार माणसे बसली होती. बायका थोड्या दूर उभ्या होत्या. मायच्या कपाळावर नेहमीसारखे ठसठशीत कुंकू. विचारणाऱ्याने विचारले आणि मायने खाली बघत सांगितले, "चार वर्ष झाले. त्यायनं तिकडं दुसरं घर केलं."

मी तेव्हा आठवीत होते. वर्गात मी सगळ्यांना सांगत असे की वडील यंदाच्या दिवाळीला नक्की येणार. गावाला खरे केव्हाच ठाऊक होते, हे मला बायकांच्या चेहऱ्यांवरून कळले. कुणालाच आश्चर्य वाटले नव्हते. घरी आल्यावर मी मायशी दोन दिवस बोलले नाही. तिनेही समजूत घातली नाही. तिसऱ्या दिवशी ती वेचणीला निघाली, तेव्हा मी शाळा बुडवून तिच्याबरोबर गेले. दोघींचा मिळून एकच ढीग केला.

पेन्शन मंजूर झाली. २०१९ पासून ती २०१६ रुपये झाली. पोस्टात मायचा अंगठा यंत्राला पुष्कळदा उमटत नसे. बोंडाच्या टरफलांनी बोटे सोलवटलेली असायची. आदल्या रात्री ती बोटांना तेल चोळून निजायची.

गेल्या आठवड्यात फीसवलतीचा अर्ज घेतला. त्यात एक रकाना आहे : पालकांचे मासिक उत्पन्न. रात्री मायला फोन करून विचारले, काय लिहू?

"तिकडं पाऊस हाये का?" तिने विचारले. इकडे होता. तिकडे तीन दिवस उघडला नव्हता आणि निंदण बंद होते.

अर्ज परवापर्यंत द्यायचा आहे.