तारप्याची तीन दरपत्रकं

मी सीए आहे. विरारला ऑफिस आहे आणि तिथलं निम्मं काम जीएसटी आणि सोसायट्यांचं ऑडिट. उरलेल्या कामाची पाटी लावता येत नाही. नाट्यसंस्था, तारपा नाचाची पथकं, वारली चित्रं काढणाऱ्या बायकांचे बचत गट यांच्यासाठी अनुदानाचे प्रस्ताव लिहायचे, पैसे मंजूर झाले तर खर्चाचा हिशेब द्यायचा. या कामात कलेपेक्षा कागदच जास्त पाहिले. त्यामुळे इथे जे लिहितोय ते कागदाच्या बाजूचं आहे.

जव्हारकडच्या एका पथकाला तारपे नवे करायचे होते. अर्जात ‘वाद्य खरेदी’चा रकाना होता आणि खाली बारीक अक्षरात ‘तीन दरपत्रकं जोडावीत’. पथकातले वयस्कर काका समोर बसले होते. तारप्याचा भोपळा त्यांच्या कुंपणावर लागतो, तिथेच वाळतो. बांबू रानातला. पुढचं शिंग ताडाच्या पानांचं वळतात आणि सांधे मधमाशीच्या मेणाने बुजवतात. यातलं काहीच दुकानात मिळत नाही. मी विचारलं, ‘काका, दुसऱ्या कुणाचा भाव मिळेल का?’ ते म्हणाले, ‘दुसऱ्याचा तारपा मी का वाजवू?’ दरपत्रकांचा विषय तिथेच संपला. शेवटी ‘वाद्यनिर्मिती मजुरी’ असा रकाना मागून घेतला आणि व्हाउचर केली. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर त्यांचा अंगठा घेतला. हिशेब खराच होता, पण तो मांडायला जितका वेळ गेला, तितक्यात तारपे तयार झाले होते.

आमच्याकडच्या बहुतेक मंडळांचं गाडं मात्र दरपत्रकांच्या आधीच अडतं, धर्मादाय आयुक्तांच्या दारात. विश्वस्त वारला किंवा बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो कोण देतो? विश्वस्तांच्या नोंदीचं परिशिष्ट एक काढलं की त्यात निम्मी मंडळी स्वर्गवासी. आधी ते निस्तरायचं, मग ऑडिट, मग स्वयंसेवी संस्थांच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, आणि तेव्हा कुठे दिल्लीच्या योजनांची पानं उघडायची.

दिल्लीच्या योजना वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाचं गुरू-शिष्य परंपरेसाठीचं अनुदान आहे, त्यात गुरूला महिना १५,००० आणि प्रौढ शिष्याला १०,००० रुपये मिळतात. कार्यक्रम आणि निर्मितीसाठी वेगळं अनुदान आहे. ते साधारणपणे ५ लाखांपर्यंत, खर्चाचा चौथा हिस्सा संस्थेने स्वतः उभा करायचा आणि शेवटचा हप्ता यूसी दिल्यावर. यूसी म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. आमच्या धंद्यात ‘यूसी गेली का?’ हा प्रश्न ‘जेवलात का?’ इतका रोजचा. पण वालीव-सातिवलीच्या कारखान्यात मुलगा दहा हजारांपेक्षा जास्त कमावतो, आणि तेही दर महिन्याला, ठरल्या तारखेला. अनुदान ठरल्या तारखेला येत नाही. शिष्य टिकतो की नाही, हे बऱ्याचदा रकमेपेक्षा या तारखेवरच ठरतं.

राज्याची ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांची मानधन योजना आता सरसकट महिना ५,००० रुपयांची झाली. चांगलं झालं. फक्त अर्जासोबत वर्षानुवर्षांच्या कामाचे पुरावे लागतात: कात्रणं, पत्रिका, प्रमाणपत्रं. वारल्यांच्या लग्नात विधी सांगणारी, गाणी म्हणणारी धवलेरी असते. तिच्याशिवाय लग्न लागत नाही, पण कुठल्याही लग्नपत्रिकेवर तिचं नाव छापलेलं मी पाहिलेलं नाही. तिने पुरावा म्हणून काय जोडायचं?

परदेशी पैशाबद्दल आमच्याकडे भीतीच जास्त. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगीचा कायदा कडक झाला हे खरं. नोंदणीसाठी तीन वर्षांचं काम आणि त्या काळात किमान १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. खातं दिल्लीत, संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवायचा. मोठ्या संस्थेने पैसे घेऊन छोटीला पुढे द्यायचे, हा जुना मार्गही बंद. वसईतल्या हौशी नाट्यसंस्थेने १५ लाख कुठून आणायचे? पण याच कायद्यात संयुक्त राष्ट्रं आणि त्यांच्या विशेष संस्थांना ‘परदेशी स्रोता’च्या व्याख्येतून वगळलं आहे, आणि ते वाचायची तसदी फारसं कुणी घेत नाही. युनेस्को त्यातच येते. सांस्कृतिक विविधतेबाबतचा युनेस्कोचा २००५ चा करार भारताने २००६ साली स्वीकारला. त्या कराराखाली विकसनशील देशांसाठी निधी आहे, एका प्रकल्पाला कमाल एक लाख डॉलर. अर्ज राष्ट्रीय आयोगामार्फत जातात. स्पर्धा जगभरातली आणि अर्जाची भाषा अशी की आमच्या संस्थांचे सचिव पहिल्या पानावरच हात टेकतात. तरीही ‘परदेशी पैसा आहे, नको ती कटकट’ म्हणून हा दरवाजा बंद करणं चुकीचं आहे. दरवाजा अरुंद आहे इतकंच.

एवढ्या योजना चाळल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. पालघर जिल्ह्यातल्या ज्या कलेने खरोखर पैसा पाहिला, ती वारली चित्रकला अनुदानावर उभी राहिली नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हस्तकला मंडळाच्या कामासाठी भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर आले. त्याआधी बिहारच्या दुष्काळात त्यांनीच मिथिलेच्या बायकांना कागद दिला होता. भिंतीवरचं चित्र कागदावर आलं की विकता येतं आणि घरात पैसा येतो, हा साधा हिशेब. मागे पुपुल जयकरांसारख्या जाणत्या बाईंचा पाठिंबा होता. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांच्या हाती कागद आला आणि चित्रं मुंबई-दिल्लीच्या दालनांत गेली. १९८९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात म्हसे होते, २००९ साली नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार मिळाला, तो २५,००० युरोंचा, आणि २०११ साली पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले. या सगळ्याच्या मुळाशी कार्यक्रम नव्हता, उद्घाटन नव्हतं, बॅनर नव्हता. कागद होता आणि चित्राला गिऱ्हाईक होतं.

या पैशाने एक उलथापालथही केली. लग्नघराच्या भिंतीवर लग्नचौक काढणं हे सवाशिणींचं काम. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूची काडी, मध्ये पालघाट देवी. चित्र कागदावर गेलं, शहरात विकायला न्यावं लागलं, आणि पुरुषांचं झालं. मिथिलेत तोच माणूस, तोच कागद, पण नावं बायकांची झाली. याचं एकच उत्तर माझ्याकडे नाही. पण मुंबईची गाडी कोण पकडू शकत होतं, हा प्रश्न त्यात असणारच. म्हणून आता बचत गटाचा प्रस्ताव लिहिताना बँक खात्यावर सह्या कुणाच्या, हे मी आधी विचारतो. घरातल्या पुरुषमाणसांना ते आवडत नाही.

वसईच्या ख्रिस्ती लग्नातला ब्रास बँडही अनुदानावर उभा नाही. अर्जात ‘कलाप्रकार’ लिहायचा म्हटलं की पंचाईत: लोककला म्हणावी तर सॅक्सोफोन, शास्त्रीय म्हणावी तर वरात. आजवर कुठल्या बँडवाल्याने माझ्याकडे अर्ज भरून मागितला नाही. लग्नं होतात, सुपारी मिळते, नवी पोरं ट्रम्पेट शिकतात.

तेव्हा महापालिकेने कलेसाठी वेगळी योजना आणावी, असं मी सुचवणार नाही. आधीच खर्च होणारा पैसा नीट वळवला तरी पुरे. शहरांमध्ये पुलांचे खांब, शाळांच्या भिंती वारली पद्धतीने रंगवतात. काम निविदेतून निघतं, कंत्राटदार घेतो आणि नाक्यावरच्या पेंटरकडून माणसं-झाडं-तारपा उरकून टाकतो. वारली चित्रकलेला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे. त्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवायचं शुल्क २०२० मध्ये अवघ्या दहा रुपयांवर आलं. निविदेत एकच अट घालावी: वारली चित्राचं काम नोंदणीकृत वारली चित्रकारांकडूनच करून घ्यायचं, मजुरी चौरस फुटावर आणि थेट त्यांच्या खात्यात. याला दिल्लीची मंजुरी लागत नाही, यूसी लागत नाही. अटीचा मसुदा मी करून ठेवला आहे, जेमतेम दीड पानाचा. कुठल्याही नगरसेवकाने मागावा, फी घेणार नाही.