दप्तराचे वजन आणि आमची बॅग



जुलै २०२५ मधली गोष्ट. केंद्र शासनाच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार मुलांच्या दप्तराचे वजन त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त असू नये. सहावी-सातवीच्या मुलांसाठी ते साधारण दोन ते तीन किलो असावे, असेही त्यात सांगितले आहे. त्याप्रमाणे आम्ही प्रयोगशाळेतला ताणकाटा घेऊन सहावीच्या वर्गात गेलो आणि एकेक दप्तर टांगून पाहू लागलो. (आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण इंदूरलाच, पण हिंदी माध्यमातून झाले. आमच्या पुस्तकात याला ‘कमानीदार तुला’ म्हणत. ‘ताणकाटा’ हा सुटसुटीत शब्द आम्ही शाळेत नोकरीला लागल्यावर शिकलो.)

बहुतेक दप्तरे मर्यादेत निघाली. दोन-तीन मुलांना आम्ही चार शब्द सुनावले. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “सर, आता तुमची पण तोला ना!”

वर्ग हसला. नाही कसे म्हणणार? बॅग टांगली. काटा तीन किलो नऊशे ग्रॅमवर थांबला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही हसलो, पण मनात चरकलो. त्या बॅगेचे ओझे आम्हाला वेगळ्या कारणाने ठाऊक होते.

बॅगेत लॅपटॉप होता. एकट्या लॅपटॉपचे वजन दोन किलो चारशे, त्याचा चार्जर सातशे ग्रॅम, आणि उरलेले माऊस, वायरी, कागदपत्रे व खुद्द बॅगेचे. २०२१ मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून तो घेतला होता. आर.एन.टी. मार्गावरच्या दुकानदाराने सांगितले, “सरजी, दमदार वाला लीजिए, पाँच साल देखना नहीं पड़ेगा.” आम्हालाही ते पटले. एकदाच घ्यायचे तर दणकट घ्यावे, ही आपली मध्यमवर्गीय समजूत. मोठा पडदा, वेगवान प्रोसेसर, वेगळे ग्राफिक्स कार्ड. यंत्राने दगा दिला असे मुळीच नाही. ऑनलाइन वर्गांचे कितीतरी व्हिडिओ त्याने झटपट तयार करून दिले. पण टाळेबंदी संपली आणि आमचे काम टेबलावरून उठून रस्त्यावर आले. पालकांच्या घरी जाणे, सभा, प्रशिक्षणे, निरनिराळी कार्यालये. ते यंत्र मात्र टेबलासाठी घडलेले होते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये नववीतल्या एका विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीचे नूतनीकरण करायचे होते. वर्षाला बारा हजार रुपये. मुलगा हुशार, गुण उत्तम. त्याला कावीळ झालेली, वडील परगावी कामाला, आणि ओटीपी ज्या मोबाइलवर येणार तो आईजवळ. अर्जाची मुदत त्या दिवशी सायंकाळी सहाला संपत होती. आम्ही म्हटले, घरीच जाऊन भरून देऊ. निघताना चार्जर हातात घेतला आणि पुन्हा टेबलावर ठेवला. खांदा महिनाभर दुखत होता आणि बॅटरी सत्तर टक्के दिसत होती. तेवढीच बॅग हलकी होईल, असा विचार केला.

जुन्या इंदुरातले घर, तिसरा मजला, अरुंद जिना. अर्ज भरता भरता, अर्धी कागदपत्रे चढवून झाल्यावर पडदा काळा झाला. स्कॅन केलेले कागद त्या लॅपटॉपमध्येच अडकलेले. मोबाइलवर खटपट केली, जमले नाही. राजवाड्याच्या गर्दीतून स्कूटर काढत शाळेत पोहोचलो तेव्हा सहा वाजून दहा मिनिटे झाली होती.

शेवटच्या दिवसापर्यंत थांबलो हा आमचा दोष, आणि चार्जर मागे ठेवला हाही आमचाच. मुलाची आई एवढेच म्हणाली, “राहू द्या सर, तुम्ही घरापर्यंत आलात ना.” शिक्षकांनी आपसांत वर्गणी काढून बारा हजार जमवले आणि मोठ्या मिनतवारीने त्या माउलीच्या हाती दिले. बरा होऊन शाळेत आल्यावर मुलाने आम्हाला एकच विचारले, “सर, हे माझ्या मार्कांचे आहेत की वर्गणीचे?” आमच्याजवळ उत्तर नव्हते.

त्यानंतर आम्ही चार्जर कधी विसरलो नाही. खांदा मात्र दुखतच राहिला. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये भर पावसात स्कूटरवरून नेताना तो लॅपटॉप भिजला आणि कायमचा बंद पडला. नवा घ्यायचा ठरला. संचालक मंडळाने पंचाहत्तर हजार मंजूर केले आणि वाद सुरू झाला: हलका घ्यायचा की दमदार?

आम्ही भौतिकशास्त्राचे शिक्षक. म्हणून आधी हे समजून घेतले की दमदार यंत्र जड का असते. प्रोसेसर जी वीज घेतो तिची अखेर उष्णताच होते. हलक्या लॅपटॉपचा प्रोसेसर साधारणपणे १५ ते २८ वॅट घेतो, दमदार यंत्राचा ४५ वॅट किंवा अधिक, आणि ग्राफिक्स कार्ड आणखी वेगळे. ही उष्णता बाहेर टाकायला तांब्याच्या नळ्या, मोठे पंखे आणि मोकळी जागा लागते. जास्त वीज पुरवायला चार्जरही विटेएवढा लागतो. थोडक्यात, ते वजन दीर्घकाळ कष्ट करण्याच्या ताकदीचे असते. हलके यंत्रही सुरुवातीला जोरात पळते. पण काही मिनिटांत तापले की स्वतःचा वेग कमी करते. लहान पातेल्यात दूध लवकर उतू जाते म्हणून आपण आच मंद करतो, तसेच.

बॅटरीचा हिशेब तर पाचवीच्या मुलालाही जमेल. ५० वॅट-तासाची बॅटरी आणि लिहिण्या-वाचण्यासाठी ८ ते १० वॅटचा खर्च, म्हणजे पाच-सहा तास. तेवढ्याच बॅटरीवर ३० वॅट खाणारे यंत्र पावणेदोन तासांत आटोपते. बॅटरी हवी तेवढी मोठी करावी म्हटले तर तीही सोय नाही. विमानात विनापरवानगी १०० वॅट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते, त्यामुळे मोठ्यात मोठे लॅपटॉपही त्या रेषेच्या आतच राहतात. नोव्हेंबर २०२३ च्या त्या संध्याकाळी आमची सत्तर टक्के बॅटरी का पुरली नाही, हे आम्हाला या हिशेबातून फार उशिरा कळले.

हा पेच काही आजचा नाही. १९८१ साली ‘ऑस्बोर्न-१’ हा संगणक ‘सोबत नेता येणारा’ म्हणून बाजारात आला. वजन सुमारे अकरा किलो, पडदा पाच इंचांचा, आणि भिंतीतल्या विजेशिवाय चालत नसे! पुढे जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी ‘मॅकबुक एअर’ कागदी पाकिटातून काढून दाखवला. वजन फक्त १.३६ किलो. पण त्यात सीडी चालवण्याची सोय नव्हती आणि यूएसबीचे छिद्र एकच होते. हलकेपणासाठी काही ना काही सोडावे लागते, ते असे. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतःच्या ‘एम-१’ चिपचा, पंखाच नसलेला एअर आणला. तेव्हापासून हलक्या यंत्रांच्या ताकदीविषयी लोक अधिक गंभीरपणे बोलू लागले. तथापि अंतर कमी झाले आहे, मिटलेले नाही.

आमच्या बैठकीत तीन मते पडली. संगणकाच्या बाई म्हणाल्या, “सर, स्नेहसंमेलनाची फिल्म हलक्यावर कशी करायची? रात्र जाईल.” लिपिकांची अडचण निराळी. मोठ्या लॅपटॉपवर उजवीकडे आकड्यांच्या कळा वेगळ्या असतात, चौदा इंचीवर बहुधा नसतात, आणि त्यांना तर शेकडो मुलांचे गुण भरायचे. कोषाध्यक्ष काका म्हणाले, “अहो, दोन्हींच्या मधला काही मिळत नाही का?” मिळतो, काका. पण मधला म्हणजे पुष्कळदा उचलायला जड आणि कामाला मध्यम.

शेवटी आम्ही एक साधा उपाय केला. एका वहीत पंधरा दिवस रोज लिहून ठेवले: आज लॅपटॉपचे कोणते काम पडले, कुठे पडले, किती वेळ चालले. उसन्या लॅपटॉपवर काम चालू होतेच. पंधरापैकी अकरा दिवस काम शाळेबाहेर होते. त्यात फॉर्म, पत्रे, तक्ते, प्रोजेक्टरवर दाखवायची चित्रे. खरे जड काम, म्हणजे व्हिडिओ, एकच दिवस. दुकानात उभे राहिले की माणसाला वर्षातले सर्वांत मोठे काम आठवते. वहीत रोजचे काम दिसते.

वही मंडळापुढे ठेवली आणि चौदा इंची, एक किलो चारशे ग्रॅमचा लॅपटॉप घेतला. चार्जर ६५ वॅटचा, टाइप-सी, तळहाताएवढा. तीन गोष्टी पाहून घेतल्या. पहिली, रॅम सोळा जीबी. पातळ यंत्रांत ती बहुधा बोर्डालाच जोडलेली असते, मागाहून वाढवता येत नाही. दुसरी, प्रोजेक्टरसाठी एचडीएमआयची जागा. तिसरी, लिपिकांसाठी वेगळे जोडता येणारे आकड्यांचे छोटे पॅड. उरलेल्या पैशांत प्रयोगशाळेतल्या एका जुन्या संगणकाला एसएसडी आणि जास्तीची रॅम बसवली, जड कामे तिथेच करायची म्हणून.

या निवडीची किंमत पडली, तीही सांगितली पाहिजे. डिसेंबरमध्ये फिल्म तयार करताना त्या जुन्या संगणकाने खरोखरच रात्र खाल्ली. बाई रात्री अकरापर्यंत बसल्या, मग काम चालू ठेवून घरी गेल्या. सकाळी म्हणाल्या, “सर, भारीवाल्यावर दीड तासात झालं असतं.” त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. आम्ही वर्षातली एक रात्र देऊन बाकीचे दिवस घेतले आणि ती रात्र बाईंना भरावी लागली. पुढच्या वर्षी त्यांच्यासोबत आम्हीही बसू.

तेव्हा आपल्या मुलांना कॉलेजसाठी किंवा स्वतःच्या धंद्यासाठी लॅपटॉप घेणाऱ्या पालकांना आमची एवढीच विनंती आहे: दुकानात जाण्याआधी पंधरा दिवस वही लिहा. घरात बसून चित्रपटाचे संकलन, अभियांत्रिकीचे आराखडे असे काम करणाऱ्याने खुशाल जड यंत्र घ्यावे, त्याला तेच योग्य. पण रोज जिने चढणाऱ्याने वजन चार्जरसकट मोजावे. दुकानातल्या पाटीवर चार्जरचे वजन सहसा लिहिलेले नसते.

तो मुलगा आता अकरावीत आहे. त्याची शिष्यवृत्ती पुढच्या वर्षीपासून पुन्हा सुरू झाली. हे पैसे मार्कांचेच आहेत, हे त्याला सांगायची गरज पडली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये रामबागेतल्या एका विद्यार्थिनीच्या घरी बसून तिचा अर्ज भरला. मुदतीला दहा दिवस बाकी होते. काम संपले तेव्हा बॅटरी साठ टक्के होती, आणि चार्जर बॅगेत होता.

नवी बॅग आम्ही सहावीच्या त्याच वर्गात टांगून दाखवली. दोन किलो दोनशे. ताणकाटा प्रयोगशाळेत आहे. पालकसभेला याल तेव्हा आपलीही बॅग जरूर घेऊन या.